दुरंगीबाबांचे संक्रांतीचे कागद

दुरंगीबाबांचे दोन हात एकाच माणसाचे वाटत नसत. उजवा हात कोपरापर्यंत काळा आणि डावा पिवळा. काळा लोखंडाच्या पाण्याने, पिवळा हिरड्याच्या. नव्या माणसाला वाटावं, ब्रह्मदेवाने घाईघाईत एकाचा हात दुसऱ्याला चिकटवला. जेवायला बसले की त्या काळ्या हाताने ते ज्वारीची पांढरी भाकर मोडत, आणि आम्ही गल्लीतली पोरं दारात उभी राहून भाकर काळी होते का ते पाहत असू. ती कधी झाली नाही. तरी आम्ही रोज जात असू.

नाव आम्हीच ठेवलेलं. दुरंगी म्हणजे लबाड, हे कळायचं आमचं वय नव्हतं. पुढे कळलं तेव्हा हसू आलं, कारण त्या माणसाला जन्मात कधी दोन रंगांचं बोलता आलं नाही. जे मनात ते तोंडात, आणि तेही बहुतेक नको त्या वेळी. त्यांच्याविषयी मी आमच्या घरात पुष्कळदा सांगत असते. मुलं म्हणतात, आईच्या गोष्टीला शेपूट फार. खरं म्हणजे ही एकच गोष्ट अशी आहे, जी मी आजवर शेपूट कापूनच सांगितली.

बाबा रंगारी होते. अमरावतीच्या परकोटाच्या आत आमच्या घरामागच्या गल्लीत त्यांचं अंगण, अंगणात रंगाचे रांजण आणि पडवीच्या भिंतीला ओळीने टांगलेले सागवानी ठसे: वेल, बुट्टी, कोयरी, मोर. कोष्ट्यांनी विणलेलं लुगडं त्यांच्याकडे यायचं आणि संक्रांतीच्या आधी काळंभोर होऊन, काठाला बुट्ट्या लेऊन जायचं. पण मी सात-आठ वर्षांची होते तेव्हा समुद्रापलीकडे कुठे तरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, त्यांचा कापूस अडला होता, आणि म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. पोळ्याला बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्वारी पेरणाऱ्याला लोक वेड्यात काढू लागले. घराघरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला, रस्त्यात कापूस उडतोय, देवळात आरती म्हणतानाही लोक शिंकताहेत. आणि एवढ्या कापसात कोष्ट्याला सूत मिळेना! बायांचे चरखे बंद पडले. कापूस बोंडातून निघाला की थेट गाडीत. सूत नाही म्हणून माग नाहीत, माग नाहीत म्हणून लुगडी नाहीत, आणि लुगडी नाहीत म्हणून बाबांचे रांजण कोरडे.

"भांडण त्याईचं," बाबा म्हणत, "अन् चूल माही इझली."

त्यांचं आणखी एक बोलणं होतं, ते मात्र रोजचं. लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात कुजवून जे पाणी होतं, ते दिसायला फिकं असतं. हिरड्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर ते ठशाने लावलं तर आधी काहीच दिसत नाही. नुसता ओला डाग. आम्ही ओरडायचो, "बाबा, उमटलंच नाही!" आणि ते म्हणायचे, "दम धर, रंग येते." मग हळूहळू, वारा लागेल तसा, तो डाग करडा व्हायचा, मग काळा, मग काळाकुट्ट. वेल निघायची, पानं निघायची. मला ती जादू वाटायची. मंत्र येत असावा म्हणून मी घरी ताकाच्या भांड्याजवळ बसून "दम धर, लोणी येते" म्हणून पाहिलं होतं. आईने रवी माझ्या हातात दिली.

बाबांची बायको पूर्वीच वारली होती. मुलगा एकच, किसना. विशी-बाविशीचा, बापासारखाच तोंडाचा फटकळ. एका पोळ्याला त्याने बापाला सांगितलं, अकोल्याला कापसाच्या गाठी दाबायच्या कामावर माणसं घेताहेत, मी चाललो. आमची भिंत त्यांच्या अंगणाला लागून, त्यामुळे भांडण आम्ही घरी बसून ऐकलं. खोटं कशाला सांगू, भिंतीला कान लावून ऐकलं.

"अन् हे ठसे कोन मारन?" बाबांचा आवाज.

"कायच्यावर मारू? तुमच्या डोस्क्यावर? कापड कुठी हाय? जाळा ते लाकडं अन् भाकरी भाजा त्याच्यावर!"

मग बाबा ओरडले, ते मला आजही तसंच ऐकू येतं. "निंघ! मी मेलो तरी तोंड दाखवू नको! मेल्याची बातमी आली तरी येऊ नको!"

किसना निघून गेला. आईने मला भिंतीपासून ओढलं आणि म्हणाली, "रागाचं बोलणं ते, त्याला काही अर्थ नसतो." मलाही तसंच वाटलं. किसनालाच तसं वाटलं नाही.

रिकामे हात बाबांना सोसत नसत. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एक दिवस पाहतो तर बाबा सारवलेल्या भिंतीवरच ठसे मारत बसलेले. पाण्याने. भिंत वाळली की सगळं पुसून जायचं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून लागायचे. आम्ही सात-आठ पोरं जमलो. मला काय सुचलं कोण जाणे, मी घरी पळाले. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. एका बाजूने लिहून निकामी झालेले कागद ते घरी आणत, मला अक्षर गिरवायला. मुलीला अक्षर शिकवतात म्हणून दादांना नावं ठेवली जात, आणि माझं अक्षर पाहून ती नावं योग्यच ठेवली असं वाटे. त्यातले मूठभर कागद मी बाबांच्या पुढ्यात टाकले. "यावर मारा."

बाबांनी कागद उन्हात धरून पाहिला. "हिरडा पितन का हा?" प्याला. वाळला. ठसा बसला. "दम धर," आम्ही सगळी एका सुरात ओरडलो, "रंग येते!" कोरा कागद बघता बघता बुट्ट्यांनी भरला, आणि बाबा किसना गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

असे ते संक्रांतीचे कागद सुरू झाले. कडेने वेल, मधे तिळाएवढ्या ठिपक्यांचं फूल, चार कोपऱ्यांना कुंकवाची बोटं आणि फुलाखाली मजकूर. ज्यांच्या घरचं माणूस कापसाच्या पायी परगावी अडकलं होतं त्यांनी तो कागद गाडीवानाबरोबर धाडावा, आत चिमूटभर तीळ डिंकाने चिकटवलेले. हातात तिळगूळ देता येत नाही तर निदान एवढं. ठसे आम्ही पोरं मारायचो, बाबा आमचे हात धरून शिकवायचे. "दाबू नको वं, टेकव. लाकडाले बी जीव असते." मी एकटीच लिहिणारी, म्हणून मजकूर माझ्याकडे. घरी परत गेले की आई अंगणातच दोन घागरी माझ्या डोक्यावर ओतायची आणि मगच आत घ्यायची. पौषातलं ते पाणी अजून अंगावर काटा आणतं, पण एक दिवस मी चुकवला नाही.

पहिले वीसेक कागद गल्लीभर वाटून झाल्यावर दादांनी एक हातात घेतला, चष्मा लावला आणि गंभीरपणे वाचलं, "तिळगूळ घ्या, घोड बोला." मी 'ग'चा 'घ' केला होता, सगळ्याच कागदांवर. बाबांना वाचता येत नव्हतं, त्यांना मी रडत रडत सांगितलं. ते म्हणाले, "मंग काय झालं? घोडं तं घोडं. माणसापरीस गोडच बोलत असन."

हे म्हणताना ते दाराकडे पाहत होते. ते नेहमीच दाराकडे पाहत असत, हे माझ्या तेव्हा लक्षात येऊ लागलं होतं. एक दिवस बाकीची पोरं गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. सगळ्यांत चांगला कागद त्यांनी बाजूला ठेवला होता. त्यावरचं फूल त्यांनी स्वतः, एकही ठिपका न हलवता उठवलं होतं.

"लिव," ते म्हणाले. "दादासायबाले सांगू नको. लिव. किसना, म्या जे बोललो ते वापस घेतलं. घरी येजो."

"वापस लिहू की मागे?" मी विचारलं. मला वाटलं, लेखणी हातात आहे तर थोडी अक्कल दाखवावी.

"वापस लिव. मागं म्हतलं तं त्याले वाटन, म्या मागंच ठेवलं."

मी लिहिलं. 'घरी'चा 'घ' बरोबर आला, तो मी दोनदा तपासला. बाबांनी तो मजकूर माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला. त्यांना खोकला लागला होता तेव्हा, महिनाभर. खोकला थांबला की म्हणत, "आणखी एक डाव वाच." मग म्हणाले, "त्यालेही वाचता येत नाई. तथी कारकून असतीन, वाचून देतीन." आणि किसनासाठी चिमूटभर तीळ मागायला ते शेजारी गेले. जाताना म्हणाले, "कोपऱ्याले कुकू लाव. तुह्या हातानं लाव, लहान लेकराचा हात चांगला असते."

लहान लेकराचा हात! त्याच हाताने मी मघाशी लोखंडाच्या पाण्याच्या रांजणावर झाकण ठेवलं होतं. बोट ओलं होतं. दिसायला पाण्यासारखंच. त्या बोटाने कुंकू घेतलं आणि तीन कोपऱ्यांना लावलं ते बरं लागलं. चौथ्याला बोट जरा जास्त दाबलं आणि नखाखालचं पाणी उतरलं. मी पाहत असतानाच त्या कोपऱ्यातलं कुंकू काळवंडायला लागलं. आधी कडेने, मग मधे. सणाच्या कागदावर, बाबांच्या एवढ्या निवडलेल्या कागदावर, काळं बोट. पुसलं तर आणखी पसरलं. म्हणून मी तेवढा कोपरा अगदी सफाईने, नखाची रेघ ओढून, फाडून टाकला.

वाचणाऱ्याने इथे कपाळाला हात लावला असेल. लावावा. मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाच नव्हतं. आमच्या घरी तसलं पत्र आलं की आई आम्हाला आत कोंडायची. पत्र उंबऱ्याबाहेर वाचलं जायचं आणि तिथेच फाडून फेकलं जायचं. मी आयुष्यात एकही फाटक्या कोपऱ्याचं पत्र पाहिलं नव्हतं. मी पाहिलेलं पहिलं ते मी स्वतः केलेलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी विहिरीजवळ गाड्यांची घुंगरं वाजली. शेंदूरजन्याकडचा चिंधू गाडीवान कापूस घेऊन दर खेपेला त्या विहिरीवर बैलांना पाणी पाजायचा आणि पुढे अकोल्याला जायचा. बाबा त्याचीच वाट पाहत होते. मला वाटलं, हे बरं झालं, बाबा येण्याआधी कागद गेला तर फाटलेलं त्यांना दिसणार नाही. मी घडी घातली, पळत गेले आणि गाडी हलता हलता कागद चिंधूच्या हातात दिला. "अकोल्याला, किसना रंगाऱ्याला! गाठी दाबायच्या कामावर आहे!" चिंधू घाईत होता, पुढच्या गाड्या निघाल्या होत्या. त्याने कागद मुंडाशात खोचला. तीळ घेऊन बाबा आले तेव्हा धूळ तेवढी उरली होती.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"तीळ रायले ना वं." पण ते रागावले नाहीत. ते तीळ त्यांनी भिंतीतल्या दिवळीत ठेवले. म्हणाले, "रायले तं रायले. तो आला का हातावरच देतो."

संक्रांत आली. बाबांनी अंगण सारवलं, रांजण धुतले, किसनाची घोंगडी उन्हात टाकली. प्रत्येक गाडीपाशी ते उठून जात. संक्रांत गेली, रथसप्तमी गेली. आम्ही म्हणायचो, "दम धरा बाबा, रंग येतो." ते हं म्हणत. खाणं कमी झालं. दाराशी बसल्या बसल्या ते आपलंच बोलणं घोळवत, "वापस घेतलं, लिवलं ना तू? बराबर लिवलं ना?" मी म्हणायची, बरोबर लिहिलं. आणि ते खरंच होतं. लिहिलेलं सगळं बरोबर होतं.

माघ संपत आला तेव्हा चिंधूच्या रिकाम्या गाड्या परत आल्या. आम्ही पोरं बाबांच्या भोवती बसलो होतो. चिंधू गल्लीत शिरला, अंगणात पाहिलं, आणि त्याच्या हातातला आसूड खाली पडला.

"रामा रे," तो म्हणाला. "बाबा, तुमी जित्ते हायेत का हो?"

"मंग कोन हाय?" बाबा म्हणाले. "किसना आला का संगं?"

चिंधू दोन पावलं मागे सरला. "तुमची तेरवी झाली ना जी! म्या सोता जेवलो!"

आम्ही पोरं हसलो. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. मग चिंधूने सांगितलं. पहिल्या मुक्कामालाच कागदाचा फाटका कोपरा सोबतच्या गाडीवानांना दिसला. तेव्हा त्याने तो मुंडाशातून काढून गाडीच्या बाहेर, साट्याला बांधला. अकोल्याला पोचल्यावर रीतीप्रमाणे हातात न देता किसनाच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. किसनाने कोपरा पाहिला आणि घडीही उघडली नाही. "असा कागद वाचाचा काय असते," म्हणाला. मोर्णा नदीवर जाऊन डोकं भादरलं, कागद पाण्यात सोडला. कापूस उतरवायला गाड्यांचा नंबर लागायला पंधरा दिवस लागत, त्यामुळे चिंधू तिथेच होता. किसनाने साऱ्या गाडीवानांना तेरवीचं जेवू घातलं.

"म्या म्हतलं त्याले," चिंधू म्हणाला, "घरी जाय, घरदार पाह्य. तं म्हने, नाई. बा बोलला होता, बातमी आली तरी येऊ नको. तेवढं तरी त्याचं आयकतो, म्हने."

"अन् आता कुठी हाय?"

"आगगाडीच्या सडकेच्या कामावर गेला, टोळीसंगं. कोन्या टोळीसंगं ते नाई मालूम."

बाबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "कोपरा कसा फाटन? म्या सोता हिरडा पाजला होता त्याले, चांगला मजबूत कागद." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतर कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

"कावून फाडला वं?" ते हळूच म्हणाले.

"काळं लागलं होतं," मी म्हटलं. "माझ्या बोटाचं. मला माहीत नव्हतं बाबा."

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे चाळीस वर्षं वाटत आलं आहे. त्यांनी आपला काळा हात उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाले, "काळा रंग तं माह्याच घरचा हाय. तू काय करशीन, लेकरा." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. रंगाऱ्याच्या घराचं दार दिवसा लागलेलं आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते चालत निघाले. बडनेऱ्याच्या पुढे सडकेच्या कामावर माणसांची रांगच्या रांग होती. माती खणणारे, खडी फोडणारे, मुलखामुलखांतून आलेले. बाबा टोळीटोळीत जाऊन विचारत, "किसना रंगारी हाय का अथी?" आणि लोक विचारत, तू कोण? "त्याचा बा." तो तर मेला म्हणे, असं एका टोळीत कोणी तरी म्हणालं. म्हणजे किसना तिथे होऊन गेला होता! बाबा त्या माणसाच्या पाया पडले. पण टोळी महिन्यापूर्वीच पुढे गेली होती, कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पावसाच्या तोंडावर बाबा परत आले ते निम्मे होऊन.

मग सुरू झाले ते कागद सणाचे राहिले नाहीत. मी दादांना सगळं सांगितलं होतं. ते कचेरीतून मिळेल तेवढा निकामी कागद आणत. किसनाला वाचता येत नाही, तेव्हा अक्षर नको, असं बाबा म्हणाले. कागदच बोलला पाहिजे. उजवा हात लोखंडाच्या पाण्यात आणि डावा हळदीत बुडवून ते कागदावर टेकवायचे. एक काळा पंजा, एक पिवळा. "असे हात कोनाचे हायेत, पोराले समजन. मेलेल्या माणसाचा पंजा ताजा नसते." आम्ही पोरं ते वाळवायचो, चारही कोपरे पुन्हा पुन्हा मोजायचो, कुंकू लावायचो. कुंकू लावताना मी आधी पाच वेळा हात धुवायची. होळी, पाडवा, अखाजी, नागपंचमी, कुठलाही सण येवो, जाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाच्या, प्रत्येक मजुराच्या हातात दोन-दोन कागद. "टोळीत कोनी रंगारी भेटला तं देजो." लोक घेत. काही जण गल्लीच्या बाहेर जाऊन टाकून देत, आणि आम्ही ते उचलून, झाडून, पुढच्या माणसाला देत असू. बाबांना हे सांगितलं नाही. ते त्यांना माहीत असावं, कारण हळूहळू ते गल्लीच्या बाहेर जाईनासे झाले.

पलीकडची लढाई संपली, कापूस जसा चढला तसा कोसळला. बैलांच्या शिंगांवरची चांदी उतरली. माग पुन्हा थोडे वाजू लागले, आणि दोन कोष्टी लुगडी घेऊन बाबांच्या दारात आले. बाबांनी ती परत केली. "हात रिकामे नाईत," म्हणाले. हात खरंच रिकामे नव्हते. ते कागदावर टेकलेले होते. त्या हिवाळ्यात खोकल्याने त्यांना धरलं. माझं लग्न त्याआधीच झालं होतं, सासरी जायचं बाकी होतं, म्हणून मी तिथे होते. शेवटचे चार दिवस त्यांना कोणी ओळखू आलं नाही, दारात कोणाची सावली पडली की म्हणत, "आला?" एकदा मला राहवलं नाही, मी म्हटलं, "येतोय बाबा, वाटेत आहे." त्यांनी डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "झूट नको बोलू वं." आयुष्यभराचं एकरंगी बोलणं, जातानाही सुटलं नाही. त्यांच्या भाऊबंदांपैकी कोणी तरी अग्नी दिला.

पुढे मी अकोल्याला सासरी गेले. आमच्या घरात तेव्हा सुनांना त्यांच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची पद्धत होती, मी 'अमरावतीवाली'. तिथल्या चौथ्या उन्हाळ्यात, मृग तोंडावर आला असताना, घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला तीन माणसं लावली होती. दुपारी सासूबाईंनी आतून हाक दिली, "ए अमरावतीवाले, त्या माणसांना पाणी दे गं!" मी तांब्या घेऊन ओट्यावर गेले. दोघं पाणी पिऊन गेले. तिसरा शिडीवरून उतरला, तिशीच्या आतला, अंगाने रोड, पण केस पिकलेले. ओंजळ पुढे करून म्हणाला, "बाई अमरावतीच्या का?"

परक्या माणसाशी बोलायची आम्हाला सोय नव्हती. मी मान हलवली आणि पाणी ओतू लागले.

"परकोटाच्या आतल्या?"

पुन्हा मान.

"तथी एक गल्ली हाय, रंगाऱ्याची." तो पाणी पीतच नव्हता. ते बोटांतून गळत होतं. "तुमी लहान असान तवा. माहा बा होता तथी. एक संक्रांत आली अन् गेला."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग नाही पाहवलं. त्या संक्रांतीनंतर बाबा आणखी तीन वर्षं जगले होते. तीन वर्षांत कागदावर टेकवलेले ते पंजे, ती 'आला?' म्हणून आलेली हाक, सगळं मी पाहिलेलं होतं. तांब्यात निम्मं पाणी होतं. निम्म्या पाण्याएवढाच वेळ. सांगावं? सांगितलं तर हा माणूस पुढे कसा जगेल? आणि नाही सांगितलं तर ज्या एका निरोपासाठी बाबा जगले, तो माझ्याजवळच राहील.

"बा गेला तवा तुमी होत्या का तथी?" त्याने विचारलं. "काई बोलला का जी?"

"बोलले," मी म्हटलं. त्या घरात परक्या पुरुषाशी मी उच्चारलेला तो पहिला शब्द. "म्हणाले, किसना, मी जे बोललो ते वापस घेतलं. घरी येजो."

ओंजळ तशीच होती.

"कवा म्हतलं?"

"संक्रांतीच्या आधी."

यात एक शब्द खोटा नव्हता. दुरंगीबाबांनीही तो खोटा म्हटला नसता, अशी मी स्वतःची समजूत घालत आले आहे.

किसनाने मान वर केली. चेहरा भिजला होता, घामाने की कशाने, मला कळलं नाही. "मंग एखांदा कागद धाडाचा होता ना वं बाई," तो म्हणाला. "कागद आला असता तं म्या पायी पायी आलो असतो."

आतून सासूबाई ओरडल्या, "अमरावतीवाले, पाणी पाजतेस की विहीर उपसतेस?" त्याने ओंजळीतलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं, अंगरख्याच्या बाहीने पुसलं आणि शिडी चढून वर गेला. संध्याकाळपर्यंत मी आतून छपरावरचा आवाज ऐकत होते. तो एकेक कवेलू उचलून, झटकून, पुन्हा जागेवर बसवत होता, अगदी हलक्या हाताने. त्या पावसाळ्यात आमचं घर कुठेच गळलं नाही.